डून हिल आणि चार हजार वर्षांची गफलत

स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर डनबार नावाचं एक जुनं बंदर आहे. गावाच्या दक्षिणेला डून हिल ही टेकडी. ३ सप्टेंबर १६५० रोजी ऑलिव्हर क्रॉमवेलच्या फौजेने इथे स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडवला. लढाईआधी स्कॉटिश तळ या टेकडीवर होता. तिथून खाली उतरायची त्यांना दुर्बुद्धी झाली आणि सगळं हातचं गेलं. टेकडीचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आलं ते या लढाईमुळे. पण टेकडीच्या उतारावर सरकारने कायद्याने राखलेली जी जागा आहे, तिचा या लढाईशी काडीचाही संबंध नाही. कागदोपत्री तिथे लाकडी वास्तू आहेत. प्रत्यक्षात लाकडाची एक ढलपीसुद्धा नाही.

दिसतं ते एवढंच: नीट राखलेलं गवत, गवतात काँक्रीटने आखून घेतलेले लांबट आराखडे आणि माहितीचा फलक. भिंती कुठे होत्या, खांब कुठे रोवले होते, हे त्या खुणांवरून कळतं. ही जागा ‘हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड’ या सरकारी संस्थेच्या ताब्यात आहे. दगडी किल्ले आणि मठ सांभाळणाऱ्या संस्थेने मातीतल्या काही डागांसाठी एवढा खटाटोप का करावा, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडणं साहजिक आहे. गंमत अशी की ज्या कारणासाठी सरकारने ही जागा ताब्यात घेतली, त्यातलं अर्धं कारण पुढे चुकीचं ठरलं. आणि त्यामुळे जागेचं मोल कमी होण्याऐवजी कितीतरी वाढलं.

सुरुवात विमानातून झाली. केंब्रिज विद्यापीठाचे केनेथ सेंट जोसेफ हे दुसऱ्या महायुद्धानंतरची अनेक वर्षं ब्रिटनवरून विमानाने फिरत शेतांचे फोटो काढत असत. उभ्या पिकात जुन्या वास्तूंचे आराखडे उमटतात, हे त्यांना ठाऊक होतं. बुजवलेल्या चरावरचं पीक आजूबाजूच्या पिकापेक्षा जोमदार येतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पूर्वी खणलेल्या जागी भुसभुशीत माती खोलवर असते, ती ओल धरून ठेवते. पाऊस बरा झाला तर फरक जाणवत नाही. पण उन्हाने जमीन तापली, आजूबाजूचं सातूचं पीक पिवळं पडू लागलं, की चरावरची रेघ तेवढी हिरवी राहते. जमिनीवर उभ्या माणसाला तिचा पत्ता लागत नाही. वरून पाहिलं तर एखाद्या घराचा नकाशा समोर येतो. डून हिलचा आराखडा असाच वरून दिसला: एक लांबट चौकोन आणि त्याभोवती कुंपणाची रेघ.

तो फोटो पाहून कुदळ हाती घेतली ती ब्रायन होप-टेलर यांनी. १९६४ ते १९६६ या काळात त्यांनी इथे उत्खनन केलं. हा माणूस मुळात चित्रकार. लाकडावर कोरीवकाम करून छापचित्रं काढणारा, पुस्तकांना चित्रं देणारा. मातीचे रंग ओळखण्यात आणि ते कागदावर उतरवण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी ब्रिटनमध्ये क्वचितच कोणी असेल. लाकडी वास्तूंच्या उत्खननात नेमकी हीच नजर लागते.

कारण इथे सापडतं काय, तर खड्डे. खांब रोवायचा तर आधी रुंद खड्डा घ्यायचा, त्यात खांब उभा करायचा आणि सभोवार माती, गोटे ठासायचे. पुढे खांब कुजतो. त्याच्या जागी हळूहळू बारीक, गडद माती भरते. ठासलेली माती मात्र वेगळ्या रंगाची, मुरमाड राहते. उत्खनन करणारा अशा खड्ड्याची आधी अर्धीच बाजू उकरतो. उरलेल्या अर्ध्या भागाचा उभा छेद समोर येतो आणि त्यात खांबाची सावली दिसते. तळाशी ती गोल आहे की चपटी, यावरून खांब अखंड खोडाचा होता की फाडलेल्या फळीचा, हे कळतं. कडेचे गोटे एका बाजूने ढळलेले असतील तर खांब उपटून काढला होता, असा अंदाज बांधता येतो. सावलीत कोळशाचे कण असतील तर घर जळालं होतं. हे सगळं ओल्या मातीत तास-दोन तास स्पष्ट दिसतं. ऊन लागून माती सुकली की रंग एकमेकांत मिसळून जातात. म्हणून पाण्याची फवारणी करत, घाईघाईने रेखाटन करायचं.

ही विद्या फार जुनी नाही. १९३०च्या दशकापर्यंत ब्रिटनमधले बरेच अभ्यासक असं मानत की लोहयुगातले तिथले लोक जमिनीतल्या खड्ड्यांत राहत. खड्डे सापडत होते, घरं सापडत नव्हती. मग खड्डा हेच घर! गेरहार्ड बेर्सू या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १९३८-३९ मध्ये इंग्लंडमधल्या लिटल वुडबरी इथे शेजारच्या खांबांच्या खुणा नीट मोकळ्या केल्या आणि दाखवून दिलं की लोक प्रशस्त, गोल, लाकडी घरांत राहत होते. ते खड्डे धान्याची पेवं होती. नाझींनी बेर्सूंना त्यांच्या पदावरून हटवलं होतं. ब्रिटनमध्ये आल्यावर युद्धकाळात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध करण्यात आलं. तिथेही त्यांनी सहबंदींना हाताशी धरून उत्खनन केलं आणि गोल घरं शोधून काढली. पुरातत्त्वातल्या हट्टी माणसांची यादी कोणी केली तर त्यात बेर्सूंचं नाव बरंच वर लागेल.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी हीच नजर वापरली. शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत शंभरहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. तिथे मातीच्या बुटक्या भिंती, चुली आणि जमिनी होत्या, पण छप्पर कसं पेललं होतं ते खांबांच्या खळग्यांनीच सांगितलं. आधीच्या काळातली चौकोनी घरं पुढे जाऊन लहान गोल झोपड्या कशा झाल्या, हाही उलगडा त्या खळग्यांच्या मांडणीमुळे झाला.

आता पुन्हा डून हिलवर. होप-टेलर यांना एकाच जागी, जवळजवळ एकावर एक, अशा दोन वास्तूंच्या खुणा मिळाल्या. अभ्यासक त्यांना ‘हॉल ए’ आणि ‘हॉल बी’ म्हणतात. ‘ए’ आधीची, ती जळून गेलेली. ‘बी’ नंतरची, तिच्या खुणा पहिलीच्या खुणा कापून गेलेल्या. कोणती आधी आणि कोणती नंतर, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

डून हिलवर येण्याआधी होप-टेलर यांनी इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्दम्बरलँडमधल्या येव्हरिंग इथे १९५३ पासून जवळजवळ दशकभर उत्खनन केलं होतं. सातव्या शतकातल्या नॉर्थम्ब्रियाच्या अँग्लियन राजांचं ते ठाणं. बीड या धर्मोपदेशक इतिहासकाराने त्याचा उल्लेख केला आहे. एडविन राजाच्या काळात पॉलिनस नावाच्या धर्मगुरूने जवळच्या ग्लेन नदीत लोकांना बाप्तिस्मा दिला, तो तिथलाच प्रसंग. येव्हरिंगला लांबलचक लाकडी राजसभांचे आराखडे मिळाले. डून हिलची ‘हॉल बी’ त्यांतल्या एका प्रकाराशी हुबेहूब जुळत होती. म्हणजे तीही सातव्या शतकातली, एखाद्या अँग्लियन सरदाराची. मग तिच्याखालची जळकी ‘हॉल ए’ कोणाची? अर्थात अँग्लियन येण्यापूर्वी इथे राज्य करणाऱ्या ब्रिटन लोकांच्या सरदाराची, सहाव्या शतकातली. इसवी सन ६३८ च्या सुमारास एडिनबर्गचा परिसर नॉर्थम्ब्रियाकडे गेला असं मानलं जातं. आक्रमक आले, त्यांनी जुन्या धन्याची वास्तू जाळली, तिच्याच जागी आपली उभी केली. सगळे धागे जुळले.

गोष्ट इतकी चोख होती की ती सरकारलाही पटली. अँग्लियन काळातल्या सरदाराची अशी जागा स्कॉटलंडमध्ये दुर्मीळ. म्हणून उत्खननानंतर ती बुजवून पुन्हा नांगराखाली न देता ताब्यात घेतली गेली, आराखडे जमिनीवर आखले गेले आणि दोन राजवटींची ही कहाणी फलकावर आली. होप-टेलर यांनी येव्हरिंगचा मोठा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. डून हिलचा सविस्तर अहवाल मात्र त्यांच्या हातून कधीच पुरा झाला नाही.

येव्हरिंगचा ग्रंथ निघण्याच्या आदल्या वर्षी, १९७६ चा उन्हाळा आला. ब्रिटनने पाहिलेल्या कोरड्या उन्हाळ्यांपैकी हा एक. देशभर पिकांत रेघा उमटल्या. अबर्डीनशरमध्ये, डी नदीच्या दक्षिण काठावर, बँकरी गावाजवळच्या बालब्रिडी इथल्या शेतात एक भलाथोरला लांबट चौकोन दिसला. दिसायला थेट डून हिलच्या ‘हॉल ए’चा भाऊ. म्हणजे हीसुद्धा सहाव्या-सातव्या शतकातली राजसभा असणार, या अपेक्षेने इयन राल्स्टन आणि निकोलस रेनॉल्ड्स यांनी १९७७ मध्ये काम सुरू केलं.

वास्तू २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद निघाली. आजच्या हिशोबात सुमारे तीन हजार चौरस फूट, एका छपराखाली. भिंतींसाठी सलग चर खणून त्यात लाकडं उभी केली होती, आत छपराचा भार पेलणारे खांब आणि आडवे पडदे. आणि तीही जळालेली. खांबांच्या खड्ड्यांत जळकं धान्य मिळालं: एक-दोन मुठी नव्हे, वीस हजारांहून जास्त दाणे.

कोळशाचे आणि धान्याचे नमुने रेडिओकार्बन चाचणीला गेले. निकाल आले ते इसवी सनाच्या सहाव्या शतकातले नव्हते. ते इसवी सनपूर्व ३९०० ते ३७०० च्या दरम्यानचे होते.

अशा वेळी पहिली शंका नमुन्यावरच जाते. प्रयोगशाळेत काही गडबड झाली असेल, जुना कोळसा नंतरच्या खड्ड्यात पडला असेल. पण दाणे खोटं बोलत नव्हते. ओकच्या खोडाचा गाभा झाड तोडण्याआधीच दोन-तीनशे वर्षांचा असू शकतो, त्यामुळे त्याच्या कोळशाची तारीख मागे सरकते. गव्हाचा दाणा मात्र एका हंगामाचा असतो. तो ज्या वर्षी पिकला त्याच वर्षीचं कार्बन त्यात असतं. एकामागून एक नमुने तोच काळ सांगत राहिले. बालब्रिडीची वास्तू ब्रिटनमध्ये शेती नुकती रुजत असतानाची, नवाश्मयुगाच्या अगदी सुरुवातीची होती.

हा धक्का नेमका किती मोठा होता, हे समजायला तेव्हाचं चित्र डोळ्यासमोर आणायला हवं. स्कॉटलंडमधलं नवाश्मयुगीन घर म्हटलं की ऑर्कनी बेटांवरचं स्कारा ब्रे आठवायचं: दगडी भिंतींच्या छोट्या खोल्या, दगडी खाटा, दगडी फडताळं. ती वस्ती बालब्रिडीनंतर पाच-सहाशे वर्षांनी वसलेली, पण दगडाची असल्यामुळे टिकली आणि त्या काळाचा चेहरा होऊन बसली. मुख्य भूमीवर झाडं मुबलक होती. तिथल्या लोकांनी लाकडात बांधलं, आणि काळाने ते पुसून टाकलं. धातूचं हत्यार नसताना, घासून धार लावलेल्या दगडी कुऱ्हाडींनी ओक पाडायचे, पाचरी ठोकून ते उभे फाडायचे आणि त्यांवर तीन हजार चौरस फुटांचं छप्पर तोलायचं, ही कर्तबगारी त्या शेतकऱ्यांची असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग साहजिकच सगळ्यांच्या नजरा डून हिलकडे वळल्या. बालब्रिडी जर ‘हॉल ए’चा भाऊ असेल तर ‘हॉल ए’चं वय काय?

होप-टेलर २००१ मध्ये वारले. त्यांचे नकाशे, टिपणं आणि उत्खननाचे कागद एडिनबर्गच्या राष्ट्रीय अभिलेखात आले. राल्स्टन यांनी त्या सामग्रीची फेरतपासणी केली. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच निघाला. ‘हॉल ए’ ब्रिटन सरदाराची नव्हतीच. ती इसवी सनपूर्व चौथ्या सहस्रकातली, आजपासून सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची होती. ‘हॉल बी’ मात्र आपल्या जागी, सातव्या शतकातच राहिली. दोन वास्तूंमध्ये एका लढाईचं अंतर आहे असं जिथे वाटलं होतं, तिथे चार हजारांहून जास्त वर्षं निघाली.

होप-टेलर यांना यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांचं खोदकाम उत्तम होतं. कोणती वास्तू आधीची हे त्यांनी अचूक ओळखलं. मातीचे थर क्रम सांगतात. दोन थरांमध्ये किती काळ गेला हे सांगतीलच असं नाही. मध्ये साठलेला थर नांगराने खरवडून नेला असेल तर सहा महिने आणि सहा हजार वर्षं छेदात सारखीच दिसतात. ती पोकळी त्यांनी इतिहासाच्या पोथीतून भरली. विलर्ड लिबी यांनी रेडिओकार्बन पद्धत १९४९ मध्येच मांडली होती, तिच्यासाठी त्यांना १९६० चं नोबेलही मिळालं होतं. पण तेव्हा एका तारखेसाठी काही ग्रॅम कोळसा जाळावा लागे, खर्चही बराच. आणि उत्तर आधीच माहीत आहे असं वाटत असताना प्रश्न विचारायला पैसे कोण घालवतो? आज काही मिलिग्रॅमचा नमुना पुरतो. एक दाणा, हेझलनटच्या कवचाचा एक तुकडा.

एकदा डोळे उघडल्यावर अशा वास्तू आणखी सापडू लागल्या. मध्य स्कॉटलंडमधल्या कॅलेंडर गावाजवळच्या क्लेश इथली वास्तू २००१ मध्ये खोदली गेली. तिची लांबीही पंचवीस मीटरच्या आसपास. सगळ्यांत बोलकी ठरली ती क्रेथस किल्ल्याच्या जमिनीवरची, वॉरन फील्डमधली. बालब्रिडीपासून ती इतकी जवळ की मध्ये फक्त डी नदी. हिलरी आणि चार्ल्स मरे या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या साथीने २००४ ते २००६ मध्ये इथे काम केलं. २४ मीटर बाय ९ मीटरची ही वास्तू इसवी सनपूर्व ३८२० ते ३६९० या काळातली. नदीच्या दोन तीरांवरची ही दोन दांडगी घरं एकाच वेळी उभी होती का, एकाच्या उंबऱ्यावरून दुसऱ्याचा धूर दिसत होता का, हे तारखांवरून सांगता येत नाही. पण तशी शक्यता आहे खरी. (याच शेतात त्याहून चार हजार वर्षं जुन्या खड्ड्यांची एक रांगही मिळाली. शिकाऱ्यांनी चंद्रावरून महिने मोजण्यासाठी ती खणली असावी, असा दावा २०१३ मध्ये झाला. तो सगळ्यांना मान्य नाही.)

वॉरन फील्डच्या वास्तूत दोन्ही टोकांकडे, मधल्या रेषेवर, दोन मोठे खड्डे होते. त्यांत कधीतरी जाडजूड खांब उभे होते. छपराला त्यांची गरज असावी असं दिसत नाही. आणि आग लागण्याआधीच ते खांब काढून घेतले होते. बाकीची वास्तू नंतर जळाली. घर चुलीतल्या ठिणगीने पेटलं असतं तर कोणी आधी दोनच खांब उपटून ठेवले नसते. त्यामुळे ही आग मुद्दाम लावली असावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ओकचे जाड, उभे खांब सहज पेट घेत नाहीत. ते बुडापर्यंत जळायचे तर सरपण रचून, राबून जाळावे लागतात. गॉर्डन नोबल यांनी स्कॉटलंडमधल्या नवाश्मयुगीन लाकडी बांधकामांचा मागोवा घेतला, तेव्हा जाळलेल्या वास्तूंची संख्या निव्वळ अपघात म्हणून सोडून देण्याजोगी नव्हती.

जाळल्या कशासाठी? घरातला कर्ता गेला म्हणून, वस्ती हलवायची म्हणून, की वास्तूचं आयुष्य संपलं हे चारचौघांत जाहीर करायला? वेल्सच्या सीमेजवळच्या हेरफर्डशरमधल्या डॉर्स्टन हिलवर एक धागा मिळतो. ज्युलियन थॉमस आणि कीथ रे यांच्या चमूला तिथे २०१३ मध्ये लांबट मातीच्या ढिगांखाली जळालेल्या वास्तूंचे अवशेष मिळाले. आधी वास्तू, मग आग, मग तिच्याच राखेवर आणि जळक्या मातीवर ढीग. असे लांबट ढीग त्या काळात मृतांसाठी रचत. तिथे तरी वास्तूला माणसासारखाच निरोप दिलेला दिसतो. हे उत्तर सगळ्या स्कॉटिश वास्तूंना लावायचं का, याबद्दल मात्र सावध राहिलेलं बरं. सगळे धागे नको इतके जुळले की काय होतं, ते डून हिलने दाखवलंच आहे.

आगीने एक उपकार केला. स्कॉटलंडच्या आम्ल मातीत हाडंसुद्धा टिकत नाहीत, दाण्यांची काय कथा. पण धान्य हवा कोंडून जळालं की त्याचा कोळसा होतो आणि कोळशाला ना किडे खातात ना बुरशी. बालब्रिडीचे वीस हजार दाणे असे वाचले. त्यांत सर्वाधिक होता तो एमर, म्हणजे आपला खपली गहू. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जिच्या खिरीसाठी आजही माणसं जादा पैसे मोजतात तीच प्रजात. पश्चिम आशियात माणसाने पहिल्यांदा लावलेल्या पिकांपैकी ती एक. तिथून एक वाट युरोपभर फिरत उत्तर समुद्रापर्यंत गेली, दुसरी भारतात आली. खपलीबरोबर बालब्रिडीला बिनसालीच्या जातीचं सातू होतं, थोडा पावाचा गहू होता, शिवाय जवस आणि रानसफरचंदंही. साठवणीचं धान्य वास्तूत ठेवलेलं असतानाच आग लागली. मुद्दाम जाळताना धान्यही त्यात जाऊ दिलं असेल, तर तो मोठाच त्याग होता. पहिल्या काही पिढ्यांच्या शेतकऱ्यांकडे उधळायला फार काही नसतं.

हे शेतकरी बाहेरून आलेले होते, हे आता प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून स्पष्ट झालं आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ब्रिटनच्या नवाश्मयुगीन लोकांचा वंश मुख्यतः एजियन समुद्राच्या परिसरातून, भूमध्यसागराच्या किनाऱ्याने पसरलेल्या शेतकऱ्यांकडे जातो. आधीच्या शिकारी-संकलक लोकांचा वाटा त्यात थोडकाच. परक्या मुलखात आलेल्या काही कुटुंबांनी आधी मिळून एक मोठं छप्पर उभारलं, त्याखाली राहिले, बियाणं सांभाळलं आणि बस्तान बसल्यावर आपापल्या छोट्या घरांत पांगले, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क असा की ही राहती घरं नव्हतीच, सभा आणि पंगतींच्या जागा होत्या. पहिला तर्क जास्त जमिनीवरचा वाटतो, कारण या वास्तूंचा काळ फार थोडा आहे. दोन-तीन शतकांत अशी बांधणी सुरू होते आणि थांबतेही. आयर्लंडमध्येही इसवी सनपूर्व ३७०० च्या पुढेमागे चौकोनी लाकडी घरांची अशीच एक लाट येते आणि शंभर वर्षांच्या आत ओसरते. केवळ सभेची किंवा समारंभाची जागा लोक इतक्या लवकर सोडून देत नाहीत; नव्या वसाहतकाराची गरज मात्र लवकर भागते.

डून हिलचं एक कोडं तरीही उरतंच. सातव्या शतकातल्या सुतारांनी ‘हॉल बी’ नेमकी ‘हॉल ए’च्याच जागेवर, जवळपास त्याच दिशेने का बांधली? चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची आठवण कुठल्याही समाजात टिकत नाही. जमिनीवर काही उंचवटा शिल्लक असेल, आणि जुनं काहीतरी आहे म्हणून ती जागा मानाची ठरली असेल. नॉर्थम्ब्रियाच्या राजांनी येव्हरिंगलाही प्रागैतिहासिक थडग्यांच्या आणि वर्तुळांच्या सान्निध्यातच आपलं ठाणं वसवलं होतं. की टेकडीच्या त्या खांद्यावर सपाट, वाऱ्यापासून आडोशाची जागा तेवढीच होती? सुतारांच्या नजरेतून पाहिलं तर हे साधं कारणही कमी वजनाचं नाही.

अशा जागांचं रक्षण ही वेगळीच डोकेदुखी. ब्रिटनने प्राचीन स्मारकांसाठी पहिला कायदा १८८२ मध्ये केला. सध्या १९७९ चा कायदा लागू आहे. स्कॉटलंडमध्ये त्याखाली नोंदलेली सुमारे आठ हजार स्मारकं आहेत. नोंद झाली की परवानगीशिवाय तिथे खोदता येत नाही, बांधता येत नाही, धातुशोधक यंत्र फिरवता येत नाही. दगडी वर्तुळाला हे पुरतं. पण पिकात उमटणारी वास्तू कोणाच्या तरी वहिवाटीच्या शेताखाली असते. शेती बंद पाडणं राजकीयदृष्ट्या अवघड, म्हणून कायद्यात पळवाट नव्हे पण सवलत आहे: पूर्वीपासून चालत आलेली नांगरट त्याच खोलीपर्यंत चालू ठेवता येते. ऐकायला ठीक वाटतं. पण उतारावरची माती दरवर्षी थोडी वाहून जाते, आणि तेवढीच खोल नांगरट मग दरवर्षी थोड्या नव्या थराला लागते. घराची जमीन, चूल, पायवाट तर कधीच गेलेली असते. खांबांच्या खड्ड्यांची तोंडं छाटली जात राहतात. वीस हजार दाणे टिकले ते खोल खड्ड्यांच्या तळाशी होते म्हणून. डून हिल गवताखाली आहे, म्हणून तिथली ही झीज थांबली. चुकीच्या समजुतीपोटी का होईना, सरकारने १९६०च्या दशकात तिथला नांगर हटवला हे बरंच झालं.

दरम्यान शोध चालूच आहे. २०१८ चा उन्हाळा पुन्हा १९७६ सारखा कोरडा गेला. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळच्या शेतात अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांच्या ड्रोनला एक अज्ञात भव्य वर्तुळ दिसलं, आणि ब्रिटनभरच्या सर्वेक्षकांनी नव्या आकृत्यांच्या नोंदी केल्या. वरून काढलेल्या फोटोत लांबट चौकोन दिसला, तर तो खपली पिकवणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांचा की अँग्लियन सरदाराचा, हे आजही फोटोवरून ठरत नाही. त्यासाठी एक छोटा चर घ्यावा लागतो, खांबाच्या खड्ड्यातली माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळावी लागते आणि वर तरंगलेल्या काळ्या कणांत एखादा दाणा सापडतो का, ते भिंगाखाली पाहावं लागतं.